नाव एकच, बाया दोन : वहीतला क्रमांक काय काम करतो



हल्ली कुठल्याही गावात गटाच्या बैठकीला गेलं की हप्त्याच्या बोलण्याइतकाच एक प्रश्न हमखास निघतो. "ताई, संगणकात माझं नाव दिसतंय म्हणतात, मग पैसे का येईनात?" केंद्रावर विचारलं तर दोन उत्तरं ठरलेली. एक, सर्व्हर डाऊन आहे. दुसरं, डाटा मॅच होत नाही. सर्व्हर चार दिवसांनी उठून बसतो. त्याचं सोडा. पण डाटा मॅच होत नाही म्हणजे नेमकं काय जुळत नाही, कशाशी जुळत नाही, हे कोणी सांगत नाही. आणि आपणही मान हलवून तिकिटाचे पैसे घालवून घरी येतो. आज त्याच्याविषयी बोलू.

विषय संगणकाचा आहे, पण घाबरायचं काम नाही. ज्या बाईनं गटाचं सभासद रजिस्टर आणि कर्ज रजिस्टर लिहिलंय तिला यातलं अर्धं आधीच येतं.

संगणकात माहिती ठेवायची जी पद्धत बँकेत, तहसीलमध्ये, रेशनच्या यंत्रात, सगळीकडे चालते, तिचं मूळ १९७० सालातलं आहे. एडगर कॉड नावाचे गणित शिकलेले गृहस्थ अमेरिकेत आयबीएम कंपनीत कामाला होते. तोवर संगणकात माहिती शोधायची तर ती कोणत्या जागी, कोणत्या वाटेनं ठेवली आहे हे ठाऊक असावं लागे. म्हणजे फडताळात कुठल्या फळीवर कितवा डबा, हे पाठ असेल तरच डाळ सापडणार. कॉड यांनी मांडलं की माहिती साध्या तक्त्यांत ठेवा. आडव्या ओळी, उभे रकाने. एक ओळ म्हणजे एक बाई, किंवा एक कर्ज, किंवा एक हप्ता. आणि एक तक्ता दुसऱ्याला जोडायचा तो जागेनं नाही, तर दोन्हीकडे लिहिलेल्या एकाच क्रमांकानं. पन्नास वर्षं उलटून गेली, जगाचा बहुतेक हिशोब अजून याच पद्धतीवर चालतो. आपली गटाची रजिस्टरंही अशीच आहेत की. सभासदांचं वेगळं, बचतीचं वेगळं, कर्जाचं वेगळं.

आता अडचण बघा. समजा गटात दोन सुनीता आहेत. गाव भावकीचं, त्यामुळे आडनाव एकच. नवऱ्याचं नावही जुळू शकतं. एका घराण्यात दोन ज्ञानेश्वर, तीन मारोती ही काही नवलाची गोष्ट नाही. सचिव नवीन असेपर्यंत "वरच्या गल्लीची सुनीता" आणि "शाळेजवळची सुनीता" असं तोंडी भागतं. पण रजिस्टरमध्ये नुसतं नाव लिहून हप्ता चढवला, तर सहा महिन्यांनी कोणाचा हप्ता कोणाच्या खाती हे देव जाणे. आणि संगणकाला तर शाळाही माहीत नाही आणि गल्लीही नाही.

उलटही होतं. एकच बाई, पण नावं चार. माहेरी शाळेच्या दाखल्यावर एक नाव. लग्नानंतर मधलं नाव बदललं, आडनाव बदललं, काही घरांत पहिलं नावही बदललं. बँकेत लक्ष्मीबाई, आधारवर लक्ष्मी, रेशन कार्डावर लक्षुमबाई. इंग्रजीत लिहिताना कोणी एक अक्षर जास्त घातलं, कोणी आडनाव आधी लिहिलं. आपल्याला कळतं की ही एकच. यंत्र मात्र अक्षराला अक्षर लावून बघतं. एक काना जास्त झाला तरी त्याच्या लेखी बाई दुसरी. पुरुषांना हा त्रास कमी होतो, कारण त्यांचं नाव जन्मापासून मरेपर्यंत साधारण एकच राहतं. नावाच्या रकान्याचा सगळ्यात जास्त भुर्दंड बायका भरतात.

म्हणून प्रत्येक ओळीला तिचा स्वतःचा क्रमांक लागतो. संगणकवाले त्याला प्रायमरी की म्हणतात. की म्हणजे किल्ली. या किल्लीनं एकच कुलूप उघडलं पाहिजे, दुसरं नाही. नावाच्या किल्लीनं दोन कुलपं उघडतात, म्हणून ती चालत नाही.

ही कल्पना परदेशातून आली असं मात्र समजू नका. आपल्या गावांची नावंच बघा. पिंपळगाव किती, बोरगाव किती, पिंप्री किती! म्हणून जुन्या लोकांनी एकाला बुद्रुक म्हटलं, दुसऱ्याला खुर्द. बुद्रुक म्हणजे थोरलं, खुर्द म्हणजे धाकटं. दोन्ही शब्द फारसीतून आले. नुसत्या पिंपळगावानं ओळख पटेना, म्हणून दुसरा शब्द जोडला. तरी पुरेना, तर पुढे तालुका आला, जिल्हा आला. सातबाऱ्याचं तसंच आहे. गट नंबर ४२ गावोगाव सापडेल. नुसता ४२ म्हणून भागत नाही. जिल्हा, तालुका, गाव आणि गट नंबर असे चार रकाने एकत्र केले की एकच तुकडा उरतो. अशा जोडकिल्लीला संगणकाच्या भाषेत कॉम्पोझिट की म्हणतात. तलाठ्याच्या दप्तरात ती संगणकाच्या कितीतरी आधीपासून होती. आता सातबाऱ्याच्या माथ्यावर ११ अंकांचा एक लांब क्रमांकही छापून येतो, भू-आधार म्हणतात त्याला. तो मात्र एकटा पुरतो, त्याला गाव-तालुका जोडावं लागत नाही.

जोडकिल्लीत एक धोका असतो, आणि तो आपल्या जिल्ह्यानं पाहिलेला आहे. १ मे १९९९ ला परभणीतून हिंगोली जिल्हा वेगळा झाला. वसमत, कळमनुरी हे तोवर परभणीचे तालुके. समजा तेव्हा कोणी सभासदांना "परभणी-वसमत-७" असे क्रमांक दिले असते, तर एका दिवसात सगळे खोटे ठरले असते. बदलायचे म्हटले तर जुन्या पासबुकांवर, जुन्या पावत्यांवर जुनाच क्रमांक राहणार. म्हणून किल्लीच्या पोटात अर्थ भरायचा नसतो. गावाचं नाव, वॉर्ड, नवऱ्याच्या नावाचं आद्याक्षर, गटातलं पद, यातलं काही त्यात नको. आज अध्यक्षा आहे ती उद्या नसेल. किल्ली मुकी असलेलीच बरी.

मग चांगली किल्ली कोणती? तीन गोष्टी बघायच्या. ती दोघींना सारखी नसावी, कधी रिकामी नसावी, आणि बदलू नये. मोबाइल नंबर लावून बघा. एका घरात एकच फोन, तो नवऱ्याकडे किंवा लेकाकडे. सासू-सुनेच्या दोन्ही अर्जांत तोच नंबर. म्हणजे दोघींना सारखा. काहींकडे फोनच नाही, म्हणजे रिकामा. आणि रिचार्ज संपला की नवीन सिम, म्हणजे बदलणारा. तिन्ही ठिकाणी नापास. रेशन कार्डाचा नंबर घराचा असतो, बाईचा नाही. बँक खात्याचा नंबर खात्याचा असतो, आणि एकीची दोन-तीन खाती असू शकतात.

उरलं आधार. देशातला पहिला आधार क्रमांक आपल्याच राज्यात दिला गेला, नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात, २९ सप्टेंबर २०१० ला, आणि तो एका बाईला मिळाला. १२ अंक. त्यातला शेवटचा अंक ही मोठी मजेची गोष्ट आहे. तो आधीच्या ११ अंकांवरून गणित करून काढलेला असतो. त्यामुळे लिहिताना एखादा अंक चुकला, किंवा शेजारचे दोन अंक उलटसुलट झाले, तर गणित जुळत नाही आणि यंत्र लगेच नंबर नाकारतं. पण नीट ऐका. ऑपरेटरनं तुमच्याऐवजी तुमच्या जावेचा आधार नंबर बरोबर १२ अंकी टाकला, तर हे गणित जुळतं. नंबर खरा आहे एवढंच ते सांगतं, कोणाचा आहे ते सांगत नाही. त्यासाठी अंगठा किंवा मोबाइलवरचा ओटीपी लागतो. म्हणून अंगठा देताना पडद्यावर कोणाचं नाव आहे ते बघायचं, वाचता येत नसेल तर वाचून दाखवायला सांगायचं. त्यात लाज नाही.

मग गटाच्या रजिस्टरमध्ये आधार नंबर हाच सभासद क्रमांक करावा का? माझं मत स्पष्ट आहे, करू नये. आपलं रजिस्टर दहा हातांतून फिरतं, बैठकीत उघडं पडलेलं असतं, लेकरं त्यावर अभ्यासही करतात. आधार उघड्यावर मांडायची वस्तू नाही. गटानं आपला साधा क्रमांक द्यावा, १ पासून. लोकोस ॲपमध्ये माहिती भरताना आधार, खाते नंबर हे एकदाच, सीआरपी ताईंसमोर द्यायचं. रोजच्या लिखाणात क्रमांक ७ पुरतो.

आता खरा मुद्दा. सभासद रजिस्टरमध्ये क्रमांक ७ समोर नाव, पत्ता, फोन, वारस, सगळं एकदा लिहिलं. कर्ज रजिस्टरमध्ये पुन्हा नाव-पत्ता-फोन लिहायचं कारण नाही. तिथे फक्त ७ लिहायचं. हा सात म्हणजे त्या रजिस्टरमधला सात. याला फॉरेन की म्हणतात. दुसऱ्या घरची किल्ली म्हणा. फायदा काय? तिचा फोन बदलला तर एकाच ठिकाणी खोडून लिहायचं. पाच रजिस्टरांत पाच वेळा फोन लिहिला असेल, तर तीन ठिकाणी बदलतो, दोन ठिकाणी राहतो, आणि मग खरा कोणता यावर भांडण. एक गोष्ट एकाच जागी लिहावी, बाकी ठिकाणी तिच्याकडे बोट दाखवावं.

पण बोट दाखवलं की तिथे कोणीतरी असलं पाहिजे. कर्ज रजिस्टरमध्ये सभासद क्रमांक २३ ला दहा हजार दिले असं लिहिलंय, आणि सभासद रजिस्टरमध्ये तर १२ च बाया आहेत. मग २३ कोण? संगणकात नीट बांधलेली व्यवस्था असेल तर ती २३ लिहूच देत नाही. आधी सभासद करा, मग कर्ज द्या. कागदाचं रजिस्टर मात्र काही बोलत नाही, ते सगळं सोसतं.

याचीच दुसरी बाजू जास्त नाजूक आहे. सभासद गटातून गेली तर? लग्न होऊन गेली, ऊसतोडीला गेली आणि तिकडेच राहिली, किंवा वारली. पुष्कळ गटांत अशा बाईच्या नावावर आडवी रेघ मारतात आणि तिच्या जागी नव्या सभासदाला तोच क्रमांक देतात. रजिस्टर भरलेलं दिसावं म्हणून. हे सगळ्यात वाईट. कारण कर्ज रजिस्टर, बचत रजिस्टर, इतिवृत्त, सगळीकडे जुनी सात बसलेली आहे. आता ती नवी सात झाली. जुनीची थकबाकी नवीच्या गळ्यात, किंवा जुनीची बचत नवीच्या नावे.

संगणकाला याबाबत तीनपैकी एक हुकूम देता येतो. पहिला, जिच्या नावावर एकही कर्ज किंवा बचत शिल्लक आहे तिला काढूच द्यायचं नाही. दुसरा, तिला काढलं की तिच्या मागची सगळी कर्जं, सगळे हप्ते आपोआप पुसून टाकायचे. तिसरा, कर्ज ठेवायचं पण त्याच्यापुढचा सभासदाचा रकाना रिकामा करायचा. दुसरा हुकूम ऐकायला सोयीचा वाटतो, एका बटणात काम होतं. पण तो पैशाच्या व्यवहाराला कधी लावू नये. पुसलेलं कर्ज म्हणजे गटाचे बुडालेले पैसे, आणि पुसलेली बचत म्हणजे तिच्या लेकरांचे बुडालेले पैसे. तिसऱ्यात कर्ज राहतं, पण कोणाचं ते कळत नाही, म्हणजे ते बेवारस. पैशाला पहिलाच हुकूम बरा. बाईचं नाव काढायचं नाही, तिच्यापुढे एक रकाना ठेवायचा, "चालू" किंवा "बंद", आणि तारीख. क्रमांक ७ कायम तिचाच. नवी येईल तिला १३.

हे मी इतकं ताणून का सांगते, तर बाई वारल्यावर घरचे लोक येतात तेव्हा. तिच्या बँक खात्यातून प्रधानमंत्री जीवनज्योती विम्याचे वर्षाला ४३६ रुपये कापले जात असतील, तर वारसाला दोन लाखांचा दावा करता येतो. गटाच्या सभासद रजिस्टरमध्ये तिचं खातं कोणत्या बँकेत, वारस कोण, हे लिहिलेलं असेल तर त्या घराला पहिला धागा तिथे सापडतो. तिच्या नावावर रेघ मारून वर दुसरीचं नाव गिरवलं असेल तर धागाच तुटला. घरच्यांना तर विमा होता हेही ठाऊक नसतं, कारण पासबुक तीच सांभाळत होती.

कर्जाचंही ऐका. सातव्या सुनीतानं तीन वर्षांत तीन कर्जं घेतली. शेळीला, मग आजारपणाला, मग शिलाई मशीनला. दोन चालू आहेत. पाचशे रुपये भरले, ते कोणत्या कर्जाचे? नुसतं सभासद ७ लिहून हे कळत नाही. म्हणजे कर्जालाही स्वतःचा क्रमांक हवा, आणि हप्ता कर्जाच्या क्रमांकाला बांधायचा, बाईला नाही. बाई एक, कर्जं अनेक. कर्ज एक, हप्ते अनेक. ही उतरंड आहे, आणि प्रत्येक मडक्याला आपला नंबर पाहिजे.

हीच गोष्ट आपल्या राज्यानं फार मोठ्या प्रमाणावर, फार त्रास सोसून अनुभवली. जून २०१७ मध्ये शेतकऱ्यांची कर्जमाफी जाहीर झाली, छत्रपती शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजना. दीड लाखापर्यंतची थकबाकी, रक्कम ३४ हजार कोटींच्या वर. अर्ज ऑनलाइन भरायचे होते. आठवत असेल, केंद्रांपुढे रात्री-रात्री रांगा होत्या. मर्यादा कुटुंबाला होती, कर्जखाती मात्र एकेका माणसाच्या नावावर, आणि एकाची खाती दोन-दोन बँकांत. शेतकऱ्यांनी भरलेले अर्ज एकीकडे, बँकांनी दिलेली माहिती दुसरीकडे, आणि दोन्ही जुळवायची. दिवाळीला प्रमाणपत्रं वाटली, आणि लगेच याद्यांतला घोळ बाहेर आला. एकाच आधार क्रमांकासमोर अनेक शेतकरी असल्याच्या बातम्या वर्तमानपत्रांत आल्या. जो रकाना दोघांना सारखा असूच नये, तोच सारखा निघाला. बँकेत घाईनं रकाना भरायचा म्हणून कुठलाही नंबर टाकला की असं होतं. याद्या पुन्हा तपासायला गेल्या आणि खरे पात्र शेतकरी थांबून राहिले.

डिसेंबर २०१९ मध्ये पुढची योजना जाहीर झाली, महात्मा जोतीराव फुले शेतकरी कर्जमुक्ती योजना, दोन लाखांपर्यंत. तिची रचना मला मुद्दाम सांगायची आहे. या वेळी शेतकऱ्याकडून मोठा अर्ज भरून घेतला नाही. कर्जखात्यांची माहिती बँकांकडून आली, आणि प्रत्येक कर्जखात्याला एक विशिष्ट क्रमांक दिला. दोन बँकांत दोन खाती तर दोन विशिष्ट क्रमांक. २४ फेब्रुवारी २०२० ला पहिली यादी लागली, ती फक्त ६८ गावांची, आधी थोडक्यात तपासून बघायला. शेतकऱ्यानं यादीतला आपला विशिष्ट क्रमांक घेऊन केंद्रावर जायचं, अंगठा द्यायचा, पडद्यावर आपलं नाव आणि रक्कम बघायची, पटली तर हो म्हणायचं, नाही पटली तर हरकत नोंदवायची. म्हणजे कर्जाची किल्ली वेगळी, माणसाची वेगळी, आणि दोन्ही जोडताना माणूस स्वतः समोर उभा. शिवाय या वेळी कुटुंब न धरता एकेक शेतकरी धरला. जिच्या स्वतःच्या नावावर सातबारा आणि स्वतःचं कर्जखातं होतं, ती बाई वेगळी मोजली गेली. सगळ्यांचं सगळं भलं झालं असं मी म्हणत नाही. पण आधीच्या घोळातून क्रमांकाच्या बाबतीत शहाणपण आलं, हे कबूल करावं लागतं.

आता रिकाम्या रकान्याकडे येते. संगणकाला सांगता येतं की अमुक रकाना रिकामा चालणार नाही. अर्जात लाल फुली असते तो रकाना. कर्जाची रक्कम, तारीख, सभासद क्रमांक, हे सक्तीचे असलेच पाहिजेत. पण कोणता रकाना सक्तीचा करायचा हे यंत्र ठरवत नाही, माणूस ठरवतो, आणि ठरवणाऱ्यानं आपल्यासारख्यांची घरं पाहिलेली असतीलच असं नाही. मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजनेचं घ्या. २०२४ च्या जुलैपासून महिन्याला दीड हजार. सप्टेंबर २०२५ मध्ये ई-केवायसी सक्तीची झाली, आणि त्यात बाईच्या आधारबरोबर नवऱ्याचा किंवा वडिलांचा आधार क्रमांक मागितला, त्याच्यावर ओटीपीही. आता सांगा, जिचा नवरा वारला आणि वडीलही नाहीत, तिनं त्या रकान्यात काय भरावं? सोडून दिलेल्या बाईचा नवरा तिला ओटीपी सांगेल का? पैशाची सगळ्यात जास्त गरज जिला, तीच त्या रकान्यापाशी अडली. आपल्या मराठवाड्यात एकल महिलांची घरं किती आहेत ते तुम्हाला मी सांगायला नको. आरडाओरडा झाला, तेव्हा १८ नोव्हेंबरची मुदत वाढवून ३१ डिसेंबर केली, आणि अशा बायांनी आपली स्वतःची केवायसी करून मृत्यूचा दाखला किंवा घटस्फोटाचे कागद अंगणवाडी सेविकेकडे द्यावेत अशी वाट काढली. रकाना चुकीचा होता, बाई चुकीची नव्हती. हे वाक्य केंद्रावर बोलायला हरकत नाही.

अशा नियमांना मिळून डाटा इंटिग्रिटी म्हणतात, माहितीची सचोटी. जन्मतारीख उद्याची नसावी, हप्ता शिल्लक कर्जापेक्षा मोठा नसावा, रक्कम उणे नसावी. व्यवहार अर्धवट राहू नये हाही त्यातलाच नियम. गटाच्या खात्यातून पाच हजार निघाले आणि सुनीताच्या कर्जात चढायच्या आत वीज गेली, तर यंत्रानं दोन्ही नोंदी पूर्ण कराव्यात नाहीतर दोन्ही रद्द कराव्यात. मधेच लोंबकळत ठेवू नये.

पण एवढे सगळे नियम पाळूनही खोटी नोंद होऊ शकते, हे विसरू नका. सुनीतानं तीनशे भरले आणि लिहिणारीनं दोनशे लिहिले, तर एकही नियम मोडत नाही. दोनशे ही रक्कम बरोबरच आहे की! अशक्य गोष्ट यंत्र पकडतं, खोटी गोष्ट पकडत नाही. त्यासाठी बैठकीत रजिस्टर मोठ्यानं वाचण्याला पर्याय नाही, आणि तिचं पासबुक तिच्या हातात असण्यालाही. ॲप आलं म्हणून वाचन बंद केलेले गट मला ठाऊक आहेत. मला ते पटत नाही.

आता केंद्रावर काय विचारायचं ते सांगते आणि थांबते.

"मॅच होत नाही" म्हणाले तर विचारा, कशानं शोधलं? नावानं की क्रमांकानं? नावानं शोधलं असेल तर अर्ज क्रमांक टाकून पुन्हा बघायला सांगा. क्रमांकानं सापडत असेल तर पुढचं विचारा, कोणता रकाना जुळत नाही? नाव, जन्मतारीख की खातं? नाव असेल तर आधारवर जसं आहे तसंच बँकेत करून घ्यायचं, अक्षरन् अक्षर.

पैसे "जमा" दाखवतात आणि पासबुकात नाहीत, तर आधी दुसऱ्या खात्याचं पासबुक भरून घ्या. सरकारी पैसे आधारवरून येतात तेव्हा एका आधारामागे एका वेळी एकच बँक जोडलेली असते, आणि तुम्ही सगळ्यात शेवटी जिथे जोडणी केली ती. पोस्टात नवीन खातं काढताना आधार जोडलं असेल तर पैसे तिकडे पडलेले असतात, आणि आपण जुन्या बँकेच्या पायऱ्या झिजवतो. कोणती बँक जोडलेली आहे हे आधारच्या संकेतस्थळावर ओटीपी घेऊन दिसतं. सीआरपी ताई दोन मिनिटांत बघून देतील.

आणि अर्ज भरला की पावती घेतल्याशिवाय उठायचं नाही. तिच्यावरचा अर्ज क्रमांक घरी आल्यावर गटाच्या रजिस्टरमध्ये आपल्या सभासद क्रमांकापुढे लिहून ठेवायचा, कारण ती पावती गरम कागदावर छापलेली असते आणि उन्हाळ्यात चार महिन्यांत कोरी पडते.